साक्ष पीडितांची, निर्णय कोणाचा?

१६ सप्टेंबर २०२५ रोजी कोलंबियाच्या राजधानीत, बोगोता येथे, एक असा निकाल जाहीर झाला की जो ऐकून त्या देशातील कोणताही पक्ष पूर्णपणे सुखावला नाही. ‘फार्क’ या नावाने अर्धशतक लढलेल्या गनिमी सेनेच्या सर्वोच्च नेतृत्वातील सात जणांना हजारो माणसांच्या अपहरणाबद्दल दोषी धरण्यात आले. अपहृतांची संख्या न्यायपीठाने २१,३९६ इतकी काढली आहे. शिक्षा मात्र आठ वर्षांची आणि तीही तुरुंगाबाहेरची. बेपत्ता माणसांचा शोध घेणे, पेरलेले सुरुंग काढणे, मृतांच्या स्मृती जपण्याच्या कामात भाग घेणे, असे तिचे स्वरूप आहे. पुढील दोनच दिवसांत लष्कराच्या ‘ला पोपा’ या पलटणीतील बारा माजी सैनिक-अधिकाऱ्यांनाही अशाच प्रकारची शिक्षा झाली. त्यांनी १३५ माणसे मारली होती, अथवा मारून त्यांना ‘चकमकीत ठार झालेले बंडखोर’ म्हणून दाखवले होते.

काही पीडितांनी या निकालांचे समाधानाने स्वागत केले. अनेकांनी, हा न्याय नव्हे, असे जाहीरपणे सांगितले. सहा-सात वर्षे साखळदंडांनी झाडाला बांधून ठेवलेल्या माणसाला आठ वर्षांची तुरुंगाबाहेरची शिक्षा अपुरी वाटली, तर त्याला प्रतिगामी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि शिक्षा सौम्य की कठोर, या एकाच प्रश्नात चर्चा अडकून पडली, तर त्याहून मूलगामी असा प्रश्न बाजूला राहतो. हा न्याय ठरवला कोणी? ज्यांची माणसे गेली, ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचा तो ठरवण्यात वाटा किती होता? सशस्त्र संघर्ष संपवू पाहणाऱ्या प्रत्येक समाजापुढे हा प्रश्न उभा राहतो. कोलंबियाने त्याचे जे उत्तर शोधले, त्यात अनुकरणीय पुष्कळ आहे आणि सावध करणारेही तितकेच आहे.

या संघर्षाच्या मुळाशी जमीन आहे. मोठ्या जमीनदारांच्या हाती एकवटलेली सुपीक खोरी आणि डोंगरउतारांवर ढकलले गेलेले भूमिहीन कुणबी, हे त्या देशाचे जुने चित्र. ९ एप्रिल १९४८ रोजी गरिबांचा आवाज बनलेले उदारमतवादी नेते हॉर्हे एलिएसेर गायतान यांचा भर रस्त्यात खून झाला आणि त्यानंतरच्या हिंसाचाराच्या वणव्यात लाखोंचा बळी गेला. १९५८ ते १९७४ या काळात दोन प्रस्थापित पक्षांनी सत्ता आळीपाळीने वाटून घेतली. तिसऱ्या कोणाला दार उघडे ठेवले नाही. १९६४ साली मार्केतालिया या शेतकरी वसाहतीवर सैन्याने चढाई केली आणि तिथून निसटलेल्या शेतकऱ्यांच्या टोळीतून ‘फार्क’ जन्माला आली. पुढे जमीनदारांनी आणि अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांनी पोसलेली निमलष्करी दले आली, कोकेनचा पैसा आला, आणि बंदूक हा राजकारणाचा पर्याय न राहता एक धंदा बनला.

या सगळ्याची किंमत सत्य आयोगाने जून २०२२ मध्ये आकड्यांत मांडली. १९८५ ते २०१८ या काळात किमान ४,५०,६६४ माणसे मारली गेली. १,२१,७६८ माणसे नाहीशी करण्यात आली. ५०,७७० जणांचे अपहरण झाले. १६,२३८ मुलांच्या हाती बंदुका देण्यात आल्या. ७७ लाखांवर माणसे घरदार सोडून परागंदा झाली. मेलेल्यांपैकी प्रचंड बहुसंख्य लोक हातात शस्त्र नसलेले नागरिक होते. आयोगाच्या हिशेबानुसार या हत्यांपैकी सुमारे ४५ टक्के निमलष्करी दलांनी, २७ टक्के निरनिराळ्या गनिमी संघटनांनी आणि १२ टक्के प्रत्यक्ष सरकारी यंत्रणेने केल्या. या आकड्यांतील एकही आकडा सोयीचा नाही म्हणून वगळता येण्यासारखा नाही. डाव्या विचाराच्या वाचकाने तर मधला आकडा दोनदा वाचला पाहिजे.

अशी युद्धे संपवण्याची जुनी रीत सर्वपरिचित आहे. ज्यांच्या हाती बंदुका, तेच मेजाभोवती बसतात. ते एकमेकांना माफी देतात, सत्तेचे वाटप करतात, आणि ‘झाले गेले विसरून जाऊ’ असे सांगून विस्मरणाचे ओझे मात्र ज्यांचे घर जळले त्यांच्या डोक्यावर ठेवतात. यात दुष्टपणापेक्षा सौद्याचे साधे गणित अधिक आहे. ज्याच्याजवळ शस्त्र आहे, त्याला तह नाकारण्याची धमकी देता येते. म्हणून त्याच्या मागणीला भाव येतो. सोआचाच्या झोपडपट्टीतील आईजवळ किंवा आत्रातो नदीकाठच्या कोळ्याजवळ देण्यासारखी धमकीच नसते. परिणामी युद्धाचा खर्च एकाच्या माथी आणि तहाचा सौदा दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती निर्माण होते. बाजाराच्या नियमाने न्याय वाटायचा ठरवले, तर पीडितांच्या वाट्याला काहीच येणार नाही. म्हणूनच त्यांचा सहभाग हा कोणाच्या औदार्याचा विषय नाही. तो नियमानेच प्रस्थापित करावा लागतो.

कोलंबियातही पहिला प्रयोग जुन्याच वळणाचा होता. राष्ट्राध्यक्ष आल्वारो उरिबे यांच्या कारकीर्दीत २००५ साली ‘न्याय आणि शांतता’ या नावाचा कायदा झाला. निमलष्करी दलांच्या तीस हजारांहून अधिक लोकांनी शरणागती पत्करली आणि कबुलीजबाबाच्या बदल्यात त्यांच्या म्होरक्यांना पाच ते आठ वर्षांची शिक्षा देण्याचे ठरले. पीडितांना या कबुल्या ऐकण्याची मुभा होती. पण ती दुसऱ्या खोलीत बसून, पडद्यावर. प्रश्न विचारायचा तर तो अधिकाऱ्यामार्फत पाठवायचा. नवऱ्याला कोठे पुरले एवढेच ज्या बाईला विचारायचे होते, तिच्यात आणि मारेकऱ्यात एक भिंत आणि एक यंत्र उभे होते. त्यातही मे २००८ मध्ये सरकारने चौदा प्रमुख म्होरक्यांना अमली पदार्थांच्या व्यापाराच्या आरोपाखाली अमेरिकेच्या हवाली केले. कोकेनचा गुन्हा कत्तलीच्या गुन्ह्याहून मोठा ठरला आणि हजारो कुटुंबांच्या प्रश्नांची उत्तरे विमानात बसून देशाबाहेर गेली. त्या निर्णयात पीडितांना कोणी विचारले नव्हते.

त्यानंतर जे बदलले, ते आपोआप बदलले नाही. वस्त्यावस्त्यांतील पीडितांच्या संघटना, मानवी हक्कांचे वकील आणि घटनात्मक न्यायालय यांच्या दीर्घ रेट्यातून राष्ट्राध्यक्ष हुआन मान्युएल सान्तोस यांच्या काळात, जून २०११ मध्ये, पीडित व भूमी-परतफेड कायदा संमत झाला. देशात ‘दहशतवादी’ नव्हे तर अंतर्गत सशस्त्र संघर्ष आहे, हे शासनाने त्याद्वारे मान्य केले. मारणारा कोणत्याही बाजूचा असो, पीडिताची नोंद एकाच वहीत होईल, हे मान्य केले. शिवाय जमिनीच्या दाव्यात पुराव्याचे ओझे उलटवले. हिंसाचाराच्या टापूतून शेतकऱ्याला हुसकून लावले गेले, एवढे प्रथमदर्शनी सिद्ध झाले की, आपण ती जमीन सचोटीने घेतली हे सिद्ध करण्याची जबाबदारी सध्याच्या कब्जेदारावर येते. कुळकायद्याच्या लढ्यात कागद कोणाच्या बाजूने बोलतात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या एका तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको.

‘फार्क’ आणि सरकार यांच्यातील वाटाघाटी २०१२ मध्ये सुरू झाल्या आणि हवानात चार वर्षे चालल्या. जून २०१४ मध्ये उभय बाजूंनी पीडितांच्या हक्कांबाबत दहा तत्त्वे जाहीर केली. त्यांत, आपापल्या बळींविषयीची जबाबदारी दोघांनीही मान्य करावी, हे तत्त्व होते. त्या उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रसंघ आणि राष्ट्रीय विद्यापीठ यांनी देशभर परिषदा भरवल्या. ऑगस्ट ते डिसेंबर या काळात बारा-बारा जणांच्या पाच तुकड्यांत एकूण साठ पीडित हवानाला जाऊन वाटाघाटीच्या मेजासमोर बसले. त्यांत गनिमांनी पळवलेले होते, निमलष्करी दलांनी हुसकलेले होते, सैन्याने ज्यांची मुले मारली असे आईबापही होते. लक्षावधींमधून साठ माणसे निवडायची कशी, यावरून वाद झाले. काही प्रतिनिधींना मायदेशी धमक्याही आल्या. हे साठ जण सर्व पीडितांचे प्रतिनिधी होते, असा दावा कोणीच करू शकत नव्हते. पण मारणारा आणि मरणाऱ्याचा भाऊ एका खोलीत बसल्यावर जे घडते, ते कोणत्याही मसुद्यात लिहून आणता येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पीडितांविषयीचा करार झाला, तो या वातावरणात.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला बोहाया येथे एक प्रसंग घडला. चोको प्रांतातील, आत्रातो नदीकाठचे हे गाव मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या गरिबांचे. २ मे २००२ रोजी तेथे ‘फार्क’ आणि निमलष्करी दले यांची लढाई जुंपली. जीव वाचवण्यासाठी गावकरी चर्चमध्ये शिरले. ‘फार्क’ने डागलेला गॅसच्या टाकीचा बॉम्ब त्या चर्चच्या छतातून आत पडला. किमान ७९ माणसे मेली. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. लढाई होणार याचे इशारे आधीच मिळालेले असताना सरकार हललेही नव्हते. तेरा वर्षांनी, ६ डिसेंबर २०१५ रोजी, ‘फार्क’चे प्रतिनिधी तेथे गेले आणि गावकऱ्यांसमोर उभे राहून त्यांनी क्षमा मागितली. तो सोहळा गावाने आपल्या पद्धतीने केला, वार्ताहरांची गर्दी दूर ठेवून. क्षमा मागणे हे त्यांचे कर्तव्य होते. ती देणे न देणे हा गावाचा अधिकार राहिला.

२ ऑक्टोबर २०१६ रोजी शांतता करारावर सार्वमत झाले, तेव्हा बोहायाने सुमारे ९६ टक्के मते कराराच्या बाजूने दिली. देशाने मात्र अवघ्या चोपन्न हजार मतांच्या फरकाने तो करार फेटाळला. मतदान झाले ते जेमतेम ३७ टक्के. युद्धाची झळ कमी बसलेल्या अनेक शहरांनी कठोर शिक्षेची मागणी केली. युद्धात होरपळलेल्या अनेक खेड्यांनी युद्ध थांबवण्याची मागणी केली. यावरून सर्वच पीडित कराराच्या बाजूने होते, असा निष्कर्ष काढणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्यांतही पीडित होते आणि त्यांच्या दुःखाचे वजन कमी नव्हते. ‘पीडितांना सूड हवा असतो, त्यांना मेजाशी बसवले तर तह होणारच नाही’ हे मुत्सद्द्यांचे आवडते विधान मात्र बोहायाने खोटे पाडले. करारात दुरुस्त्या झाल्या, २४ नोव्हेंबर २०१६ रोजी त्यावर पुन्हा सह्या झाल्या आणि संसदेने तो संमत केला.

या करारातून तीन संस्था निघाल्या : फ्रान्सिस्को दे रू या जेझुइट धर्मगुरूंच्या अध्यक्षतेखालील सत्य आयोग, बेपत्ता माणसांचा शोध घेणारा विभाग आणि शांततेसाठीचे विशेष न्यायपीठ. न्यायपीठाची रचना समजून घेण्यासारखी आहे. जो आरोपी सुरुवातीलाच पूर्ण सत्य सांगून जबाबदारी स्वीकारतो, त्याला पाच ते आठ वर्षांची, तुरुंगाबाहेरची, झालेली हानी भरून काढणारी शिक्षा. जो उशिरा कबूल करतो, त्याला तितकीच वर्षे पण तुरुंगात. जो अखेरपर्यंत नाकारतो आणि दोषी ठरतो, त्याला वीस वर्षांपर्यंत तुरुंग. थोडक्यात, शिक्षेतील सूट ही सत्याची किंमत आहे. आता ही किंमत योग्य की नाही, मिळालेला माल अस्सल की भेसळीचा, हे पारखणार कोण? सत्य काय आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तोच. म्हणून या न्यायपीठात पीडित हा केवळ साक्षीदार नाही. त्याला आरोपीचे निवेदन वाचता येते, त्यावर हरकत नोंदवता येते, पुरावा देता येतो, शिक्षेच्या स्वरूपावर मत मांडता येते.

ही तरतूद कागदावरच राहिली नाही, याची उदाहरणे आहेत. अपहरणाचा खटला सुरू झाला, तेव्हा त्याचे नाव ‘बेकायदा अटकाव’ असे होते. ‘फार्क’च्या भाषेत अपहरणाला ‘रोखून ठेवणे’ म्हणत. पुढे न्यायपीठाने ओलीस धरण्याचा गुन्हा त्याच्या खऱ्या नावाने नोंदवला. नेत्यांनी एप्रिल २०२१ मध्ये जबाबदारी मान्य केली. पण ओलीस ठेवलेल्यांकडून सक्तीने राबवून घेतले गेले, याचा उल्लेख आरोपपत्रात पुरेसा नाही, अशी हरकत पीडितांनी घेतली, आणि त्यानंतर गुलामगिरीचा आरोप वाढवण्यात आला. समतेसाठी बंदूक उचलणाऱ्या संघटनेवर गुलामगिरीचा आरोप येणे, आणि तो एखाद्या विरोधी पक्षाने न आणता खुद्द राबवल्या गेलेल्या माणसांनी आणणे, हा या सबंध प्रक्रियेतील सर्वांत बोलका क्षण मानावा लागेल. लैंगिक अत्याचारांचा स्वतंत्र खटलाही सप्टेंबर २०२३ मध्ये उघडला गेला, तो स्त्रियांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे दार ठोठावल्यानंतरच.

दुसरे उदाहरण सोआचाच्या मातांचे. बोगोताला लागून असलेल्या या गरीब वस्तीतील तरुणांना २००८ साली कामाचे आमिष दाखवून नेण्यात आले आणि शेकडो किलोमीटर दूर ओकान्याच्या परिसरात त्यांची प्रेते ‘चकमकीत ठार झालेले गनीम’ म्हणून पुरलेली सापडली. प्रेतांच्या संख्येवर बढत्या, रजा आणि बक्षिसे ठरत होती. मरणाचा दर ठरला की मरणारे पुरवले जातात, हा अर्थशास्त्राचा अत्यंत घृणास्पद धडा होता. या बायकांना सांगण्यात आले की तुमची मुलेच गुन्हेगार होती. त्या कचेऱ्यांतून, न्यायालयांतून, रस्त्यांवरून एकच प्रश्न विचारत राहिल्या : हुकूम कोणी दिला? २००२ ते २००८ या काळात अशा किमान ६,४०२ हत्या झाल्या, असे न्यायपीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले. एप्रिल २०२२ मध्ये ओकान्या येथे एका जनरलसह दहा माजी लष्करी माणसे आणि एक नागरिक त्या कुटुंबांसमोर उभे राहिले आणि, मारलेली मुले निरपराध होती, असे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. मातांना प्रथम हवे होते ते हेच. तरी त्यांचा प्रश्न संपलेला नाही, कारण हुकमाची साखळी सर्वांत वरच्या कडीपर्यंत अद्याप उलगडलेली नाही.

येथवरचे वर्णन वाचून कोलंबियात पीडितांचे राज्य आले, असा समज कोणी करून घेऊ नये. चित्राची दुसरी बाजू तितकीच ठळक आहे. पीडितांच्या वहीत पंचाण्णव लाखांहून अधिक नावे आहेत, म्हणजे साधारणपणे दर पाच-सहा नागरिकांमागे एक. कायद्याने कबूल केलेली भरपाई त्यांच्यातील अल्पसंख्याकांनाच आजवर मिळाली. दहा वर्षांत काम पुरे होईल, असे २०११ साली गृहीत धरले होते. २०२१ मध्ये मुदत आणखी दहा वर्षांनी, २०३१ पर्यंत, वाढवावी लागली. हक्क जाहीर करायला कायदा पुरतो. तो प्रत्यक्षात उतरवायला अंदाजपत्रकात रक्कम लागते. ज्या हक्कासमोर रक्कम लिहिलेली नाही, तो हक्क रांगेतला क्रमांक होऊन बसतो. नोंदणी करा, शिक्का घ्या, पुन्हा या, या चक्रालाच ‘सहभाग’ म्हटले जाऊ लागते आणि म्हातारी माणसे रांगेतच डोळे मिटतात. न्यायपीठ २०१८ मध्ये कामाला लागले. पहिली शिक्षा ठोठावायला २०२५ उजाडले.

राजकीय प्रतिनिधित्वाचीही हीच कथा. युद्धाने सर्वाधिक पोळलेल्या टापूंसाठी संसदेच्या खालच्या सभागृहात सोळा जागा करारात मान्य झाल्या होत्या आणि त्या दोन मुदतींसाठी, २०१८ पासून, मिळायच्या होत्या. २०१७ च्या अखेरीस सेनेटमध्ये गणसंख्येच्या हिशेबावरून ते विधेयक अडवले गेले. २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने, विधेयक संमत झाले होते, असा निर्वाळा दिला आणि मार्च २०२२ मध्ये कोठे या जागांसाठी पहिली निवडणूक झाली. त्यांतील एका जागेवर तर एका निमलष्करी म्होरक्याचा मुलगा निवडून आला. कागदोपत्री तोही नोंदलेला पीडितच होता. बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला दोषी धरू नये, हे खरेच. परंतु त्याच टापूतील विस्थापितांना ही जागा आपली वाटली नाही, तर तेही समजण्यासारखे आहे. खुर्ची ठेवली म्हणजे ज्याच्यासाठी ठेवली तोच तिच्यावर बसतो, असे नाही. पैसा आणि दहशत यांनाही खुर्चीचा वास लवकर लागतो.

सर्वांत मोठी उणीव आणखी वेगळी आहे, आणि समाजवाद्यांनी तिच्यावरच बोट ठेवले पाहिजे. बंदूक चालवणारा न्यायपीठासमोर आला. बंदुकीचा खर्च करणारा आला नाही. २०१७ साली घटनात्मक न्यायालयाने असे ठरवले की, जे सैनिक वा गनीम नव्हते, म्हणजे जमीनमालक, कंपन्या, राजकारणी, त्यांनी या न्यायपीठासमोर यायचे की नाही ते स्वेच्छेवर राहील. लाखो हेक्टर जमीन ज्या हिंसाचाराने रिकामी झाली, तिच्यावर पुढे कोणाची केळी, कोणाचे पाम आणि कोणाची गुरे वाढली, हा प्रश्न त्यामुळे बराचसा अनुत्तरित राहिला. चिकिटा या अमेरिकन केळी कंपनीने निमलष्करी दलांना पैसे दिल्याचे २००७ मध्येच अमेरिकी न्यायालयात कबूल केले आणि अडीच कोटी डॉलर दंड भरला. तो दंड अमेरिकन सरकारच्या तिजोरीत गेला. मारल्या गेलेल्यांच्या आठ कुटुंबांना ३ कोटी ८३ लाख डॉलर द्यावेत, असा कौल फ्लोरिडातील ज्युरीने दिला तो जून २०२४ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी आणि तोही कुटुंबांनी स्वतः परक्या देशात खटला चालवल्यावर. भांडवलाला देश नसतो. त्याच्याविरुद्ध न्याय मागणाऱ्या विधवेला मात्र दोन देशांच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आणि हे सगळे चालू असताना बंदुका पूर्ण थांबलेल्या नाहीत. २०१६ च्या करारानंतर एक हजाराहून अधिक सामाजिक कार्यकर्ते मारले गेले. त्यांत जमीन परत मागणारे होते, आदिवासी व आफ्रिकी वंशाच्या वस्त्यांचे पुढारी होते. शस्त्र खाली ठेवलेले चारशेहून अधिक माजी गनीमही मारले गेले. जानेवारी २०२५ मध्ये कातातुम्बोच्या टापूत उरलेल्या सशस्त्र टोळ्यांच्या लढाईमुळे पन्नास हजारांहून अधिक माणसे पुन्हा घराबाहेर पडली. उद्या साक्ष द्यायची आहे आणि आज रात्री दारावर थाप पडेल की काय, या भीतीत जो जगतो, त्याचा सहभाग हा हक्क नसून पराक्रम ठरतो. सामान्य माणसाला पराक्रमाशिवाय न्याय मिळावा, यासाठीच तर राज्यसंस्था असते.

या अनुभवातून समाजवादी कार्यकर्त्याने घ्यायचा पहिला बोध स्वतःच्या छावणीविषयीचा आहे. ‘फार्क’ची सुरुवात भूमिहीनांच्या न्याय्य असंतोषातून झाली, यात शंका नाही. पण चर्चमध्ये लपलेली मुले, खंडणीसाठी डांबलेला व्यापारी, बंदूक हाती दिलेली बारा वर्षांची पोर, यांचा हिशेब कोणत्याही क्रांतीच्या जमाखर्चात ‘अपरिहार्य खर्च’ म्हणून टाकता येत नाही. साध्याइतकेच साधन शुद्ध असले पाहिजे, ही शिकवण या देशातील समाजवादी चळवळीने गांधीजींकडून घेतली, ती भाबडेपणाने नव्हे. साधन बिघडले की त्याची किंमत प्रथम गरिबालाच मोजावी लागते, हे त्यामागचे व्यवहारज्ञान आहे. सैन्याने मारलेल्याची आई आपली आणि गनिमाने मारलेल्याची आई परकी, अशी वाटणी करणारा पक्ष उद्या सत्तेवर आला, तर दुःखाची वाटणीही शिधापत्रिकेसारखी करील.

दुसरा बोध ‘सहभाग’ या शब्दाविषयीचा. हा शब्द आता सरकारी परिपत्रकांत इतका रुळला आहे की त्याचा अर्थ हरवू पाहतो. पीडितांना बोलावले, त्यांचे रडणे ऐकून घेतले, छायाचित्रे काढली आणि आधीच लिहिलेल्या अहवालाला ती जोडली, म्हणजे सहभाग झाला, असे मानण्याकडे प्रत्येक यंत्रणेचा कल असतो. अशा सुनावणीने पीडिताची जखम दुसऱ्यांदा उघडी पडते आणि हाती काही लागत नाही. खऱ्या सहभागाची कसोटी अगदी साधी आहे. पीडितांच्या बोलण्यामुळे काही बदलले का? हवानात मसुदा बदलला, अपहरणाच्या खटल्यात आरोप बदलला, ओकान्यात मृतांची ओळख बदलली. तेथे सहभाग खरा होता. चौदा म्होरके विमानात बसले, सोळा जागा चार वर्षे अडल्या, कंपन्या खटल्याबाहेर राहिल्या. तेथे पीडित फक्त प्रेक्षक होते.

तिसरी गोष्ट क्षमेविषयी. शांततेचा उत्साह ओसंडू लागला की पीडिताकडून क्षमेची अपेक्षा केली जाते आणि जो ती देत नाही, त्याला शांततेचा शत्रू ठरवले जाते. हा त्याच्यावरील नवा अन्याय होय. राष्ट्राने करार केला म्हणून बापाने मुलाचा खुनी आपलासा केला पाहिजे, असे बंधन कोणतीही घटना घालू शकत नाही. पीडिताला क्षमा नाकारण्याचा, रागावण्याचा आणि तरीही युद्ध थांबावे असे म्हणण्याचा अधिकार आहे. सप्टेंबरच्या निकालावर नाराज असलेले पीडित हे त्या प्रक्रियेचे अपयश मानण्याचे कारण नाही. त्यांची नाराजी ऐकली जाते की नाही, आणि शिक्षेची अंमलबजावणी त्यांच्या नजरेखाली होते की नाही, यावर यशापयश ठरेल. सुरुंग खरोखर निघाले का, बेपत्तांचे अवशेष खरोखर घरी पोचले का, हे तपासणारे डोळे त्यांचेच असले पाहिजेत.

अजून लाखाहून अधिक माणसांचा त्या देशात पत्ता नाही. त्यांना शोधण्याचे काम शासनाच्या आधी त्यांच्या आया, बायका आणि बहिणी करीत आल्या. फावडे घेऊन, अफवांच्या मागे, नदीकाठाने. २०२४ मध्ये कोलंबियाने कायदा करून या शोधणाऱ्या स्त्रियांना मान्यता दिली आणि त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी स्वीकारली. कायदा आला तो त्यांनी काम सुरू केल्यानंतर कित्येक वर्षांनी. पीडित हे न्यायाची वाट पाहत बसलेले दुर्बल जीव आहेत, ही समजूत या एका घटनेने कायमची दूर व्हावी. न्यायाचे बहुतेक काम त्यांनीच केलेले असते. राज्यकर्त्यांनी, पक्षांनी आणि चळवळींनी एवढेच करायचे असते की, ते काम ज्यांनी केले त्यांना निर्णयाच्या वेळी खोलीबाहेर ठेवायचे नाही.